भावाची मे महिन्यातली कमाई आणि ताईचा हप्ता

पत्र:

"सर, मी २७ वर्षांची, नागपुरात मानेवाड्याला राहते. खासगी कॉलेजातून, कर्ज काढून इलेक्ट्रॉनिक्समध्ये बी.ई. केलं. चार वर्षांपासून विमानतळाजवळच्या मिहान या औद्योगिक भागातल्या एका कंपनीत सपोर्टचं काम करते. हातात २४,००० येतात, त्यातले ७,८०० कर्जाच्या हप्त्यात जातात, अजून तीन वर्षं. लहान भाऊ यंदा बारावी सायन्स झाला. ५८ टक्के, सीईटीत काही खास नाही. दोन उन्हाळ्यांपासून तो मामाच्या एसी-कुलर दुरुस्तीच्या दुकानात जातो. मार्च ते जून महिन्याला ३०,००० पर्यंत मिळतात, बाकीचे महिने आठ-दहा हजार. बाबा ऑटो चालवतात. ते म्हणतात, पुन्हा कर्ज काढू, पण पोरगा इंजिनिअर झाला पाहिजे. भाऊ म्हणतो, 'ताई एवढी शिकून माझ्याएवढं कमवत नाही, मी काऊन चार वर्षं घालवू?' रोज जेवताना हाच वाद. त्याला काय सांगू? आणि खरं विचारू का, माझं शिक्षण वाया गेलं का?"
– एक ताई, मानेवाडा

ताई,

तुमच्या पत्रातले आकडे मी आधी कागदावर मांडले. भांडण आकड्यांवरून चाललंय आणि बेरीज कोणीच केलेली दिसत नाही. भावाचे मार्च ते जून महिन्याला ३०,००० धरले तर १,२०,००० होतात. उरलेल्या आठ महिन्यांचे ९,००० प्रमाणे ७२,०००. वर्षाचे झाले १,९२,०००, म्हणजे महिन्याला १६,०००. तुमचे वर्षाचे २,८८,०००, त्यातून हप्त्याचे ९३,६०० गेले की उरतात १,९४,४००. म्हणजे भाऊ समजतो तसा तो तुमच्या पुढे नाही, आणि हप्ता जाईपर्यंत तुम्हीही त्याच्या फारशा पुढे नाही. फरक वर्षाला २,४०० रुपयांचा. तुमचा हप्ता तीन वर्षांनी संपेल. त्याचा ऑक्टोबर, म्हणजे मंदीचे महिने, मात्र दर वर्षी येणार आहे.

शिवाय हे ३०,००० नेमके कशाचे आहेत तेही पाहा. दुकान मामांचं, गिऱ्हाईक मामांचं, गॅसचा दाब मोजणारा गेज आणि पाइपातली हवा काढणारा व्हॅक्यूम पंप मामांचा. काम बिघडलं तर फोनही मामांनाच येतो. मामा भाच्याला हात सैल सोडून देतात, आणि द्यावेत, पण बाहेर अठरा वर्षांच्या हेल्परला हा दर सहसा मिळत नाही. भावाला एक काम सांगा. सीताबर्डी किंवा सदरमधल्या दोन-तीन अनोळखी दुकानांत जायचं आणि 'हेल्पर पाहिजे का, काय देता' एवढंच विचारून यायचं. जो आकडा कानावर पडेल तो त्याच्या हाताचा आजचा भाव. तो ऐकून त्याने खचायचं काही कारण नाही, भाव वाढतो. पण ताईशी तुलना करताना आपण मामांच्या खांद्यावर बसून उंची मोजतोय, एवढं त्याच्या लक्षात आलं तरी घरातला आवाज थोडा खाली येईल.

आता मूळ प्रश्न. बरं कमवायला मोठं शिक्षण लागतंच का? माझी नोकरी आयटीआयमध्ये शिल्प निदेशक, म्हणजे ट्रेड शिकवणारा शिक्षक, म्हणून झाली, त्यामुळे माझा कल हातकामाकडे आहे हे आधीच सांगून टाकतो. माझं उत्तर 'लागतंच असं नाही' हे आहे. पण ते ऐकून भावाने लगेच पिशवी उचलून दुकानात पळू नये.

काही कामांना कागद नियमानेच लागतो. डॉक्टर, वकील, औषधाच्या दुकानातला फार्मासिस्ट यांचं तर बोलायलाच नको. तलाठ्याच्या जागेला पदवी लागते, राज्यसेवेला लागते, सरकारी बँकेतल्या क्लार्कलाही लागते. उलट पोलीस शिपायाला बारावी पुरते. महावितरणच्या विद्युत सहायकाला दहावी आणि वायरमन किंवा इलेक्ट्रिशियनचा आयटीआय पुरतो. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटलाही दहावीवर योग्य ट्रेडचा आयटीआय किंवा डिप्लोमा चालतो. सीए होण्यासाठी कॉलेजची पदवी असावीच लागते असं नाही, बारावीनंतर फाउंडेशन देऊन त्या वाटेला लागता येतं (त्या परीक्षा पदवीपेक्षा सोप्या आहेत असं मात्र कोणी समजू नये). आणि दुकान, ठेकेदारी, दुरुस्ती, वाहतूक, खानावळ इथे तुमचा कागद कोणी विचारत नाही, काम विचारतात. तेव्हा 'शिक्षण लागतं का' असं मोघम विचारून काही हाती लागत नाही. भावाला चाळिशीत कुठे उभं राहायचंय ते विचारा. त्याला आज याचं उत्तर येणार नाही, अठराव्या वर्षी कोणाला येतं? म्हणून निदान पुढच्या वाटा बंद होणार नाहीत एवढं पाहायचं.

एक आकडा त्याच्या हाती पडला तर तो उड्या मारेल, म्हणून आधीच सांगतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या भारतावरच्या रोजगार अहवालात २०२२ सालचे आकडे आहेत. तरुण पदवीधरांमध्ये बेरोजगारी २९.१ टक्के, आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांमध्ये ३.४ टक्के. वरवर पाहिलं तर वाटेल, न शिकलेलेच बरे. पण न शिकलेला पोट्टा बेकार राहूच शकत नाही, कारण संध्याकाळी चूल पेटायची असते. तो सकाळी मजुरांच्या ठिय्यावर उभा राहतो आणि मिळेल त्या मजुरीवर जातो. सरकारच्या हिशेबात तो 'रोजगारात' आहे. पदवीधर घरी बसून जाहिरातीची वाट पाहतो, क्लास लावतो, दुसऱ्यांदा परीक्षा देतो, कारण घरचे त्याला तेवढे दिवस पोसू शकतात. तरी या आकड्याला बगल देता येत नाही. कोणतीही पदवी, कुठल्याही कॉलेजातून, कितीही कर्ज काढून घेतली तरी ती पैसे वसूल करून देईल, हा बाबांचा विश्वास त्यात टिकत नाही.

आता भावाच्या धंद्याबद्दल थोडं सविस्तर, कारण तुमच्या घरात त्याबद्दल कोणी बोलत नसावं. नागपुरात एसी-कुलरवाल्याला काम नाही असं होणार नाही. २३ मे २०१३ ला या शहरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, ४५ म्हणजे आपल्याकडे कोणी भुवईही उचलत नाही. होळी झाली की कुलर गच्चीवरून उतरतात, ताट्या बदलतात, मोटर घुंघुं करते, आणि मामांच्या फोनला उसंत नसते. पण कुलर हा कोणीही दुरुस्त करतो, म्हणून त्यात पैसा कमी. पैसा एसीत आहे, आणि एसी झपाट्याने बदलतोय.

मामा ज्या आर-२२ गॅसवर शिकले असतील तो नव्या एसीत आता येत नाही. २०२४ संपेपर्यंत नव्या यंत्रांसाठी त्याचा वापर थांबवायचं देशाने ठरवलं होतं. आज घरगुती एसीत आर-३२ सर्रास असतो, आणि तो पेट घेऊ शकतो. लाइनमध्ये गॅस शिल्लक असताना पाइप जोडायला त्यावर गॅसची ज्योत (टॉर्च) लावणारा कारागीर स्वतःचा जीव धोक्यात घालतो. गेजचा काटा पाहून अंदाजे गॅस भरायची जुनी सवय इन्व्हर्टर एसीत फसते, कारण तिथे कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो आणि दाबही. तिथे नीट व्हॅक्यूम काढून, वजनकाट्यावर तोलून, यंत्रावर लिहिलेल्या वजनाएवढाच गॅस भरावा लागतो. पीसीबी, म्हणजे एसीचं सर्किट कार्ड, बिघडला तर बहुतेक कारागीर अख्खं कार्ड बदलायला सांगतात, कारण सर्किट वाचता येत नाही. आणि घरगुती एसीच्या वर मोठं काम आहे: रुग्णालयांचे चिलर (पाणी गार करून इमारत थंड ठेवणारी यंत्रं), ऑफिसांच्या व्हीआरएफ (एका बाहेरच्या युनिटवर अनेक खोल्या थंड करणाऱ्या यंत्रणा), अमोनियावर चालणारी शीतगृहं. ती कामं वर्षभर चालतात. भावाच्या ऑक्टोबरचा इलाज तिथे आहे. पण त्या कामांना मामाची शिकवण पुरत नाही. तिथे थर्मोडायनॅमिक्स थोडं तरी कळावं लागतं, ड्रॉइंग वाचता यावं लागतं, आणि वार्षिक देखभालीचं कंत्राट देणारा व्यवस्थापक कारागिराची पात्रता कागदावर मागतो.

आणि शरीराचं काय? आज तो टिनावर चढून आउटडोअर युनिट बसवतो, दुपारी दोन वाजता, चप्पल घालून. पंचेचाळिसाव्या वर्षी गुडघे हे करू देणार नाहीत. त्या वयापर्यंत हाताखाली चार पोरं ठेवून काम घेणारा व्हायचं असेल तर अंदाजपत्रक, बिल, जीएसटी, कंत्राटाची भाषा यायला हवी. ते जमलं नाही तर तो चाळिशीतही शिडीवरच असेल. तूर्तास एक करा: तो १८ पूर्ण झाला असेल तर बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढून द्या. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाखांचं संरक्षण. आजच करा, वाद मिटायची वाट पाहू नका.

बाबांबद्दल. तुमच्या पत्रात त्यांच्या वाट्याला दोनच ओळी आल्या, पण मला सगळ्यात जास्त त्यांचंच म्हणणं ऐकू आलं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलसमोरची गर्दी ज्याने पाहिली त्याला कळतं की या शहरात शिक्षणाचा हिशेब नुसता पगाराने होत नाही. ऑटोत मागे बसणारा 'ए ऑटो' म्हणून हाक मारतो, आणि पोराला तशी हाक ऐकावी लागू नये असं बापाला वाटतं. यात चूक काही नाही. भाऊ आकडे फेकतो तेव्हा बाबांना त्यातून 'तुमचा कष्टाचा विचार फोल आहे' असं ऐकू येत असणार. आणि लग्नाचंही आहेच, बायोडाटात शिक्षणाची ओळ रिकामी असली की कमाई कितीही असो, मुलीकडचे पुढे वाचत नाहीत. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, पण पाच-सात वर्षांनी तुमच्या घरातही तो प्रश्न येणार आहे.

पण बाबांचा इलाज मला मान्य नाही. ५८ टक्के, सीईटी जेमतेम, अभ्यासात मन नाही, आणि खासगी कॉलेजची चार वर्षं पुन्हा कर्जावर? तुमचा हप्ता अजून चालू असताना? एका ऑटोच्या कमाईवर दोन शैक्षणिक कर्जं उभी करू नका. मनाविरुद्ध गेलेला मुलगा दुसऱ्या वर्षी केटी घेऊन बसतो, मग ना कॉलेज ना दुकान. असे पोट्टे आयटीआयच्या प्रवेशाच्या रांगेत मी पुष्कळ पाहिले, विशी उलटल्यावर खाली मान घालून उभे असलेले. अठराव्या वर्षी आले असते तर एव्हाना कारागीर झाले असते.

मधली वाट आहे, आणि ती बऱ्याच घरांना ठाऊक नसते. बारावी सायन्स झालेल्याला तंत्रनिकेतनात डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. सीईटीचा संबंध नाही, बारावीच्या गुणांवर यादी लागते. दोन वर्षांत मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा हातात. शासकीय तंत्रनिकेतनाची फी खासगी अभियांत्रिकीच्या पासंगालाही पुरत नाही, सदरमध्ये आपल्याकडे ते आहेच. डिप्लोमा झाल्यावर मन लागलं तर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. म्हणजे बाबांचा 'इंजिनिअर' पाच वर्षांत होतो, चारऐवजी. एक वर्ष जास्त जातं, पण दोन वर्षांनी थांबायची मुभा राहते आणि थांबला तरी हात रिकामा नसतो. रेल्वेत किंवा वीज कंपन्यांत कनिष्ठ अभियंत्याच्या जागा डिप्लोमावर निघतात.

शासकीय जागेला ५८ टक्क्यांवर नंबर लागेलच असं नाही. नाही लागला तर खासगी तंत्रनिकेतनाच्या मागे न लागता आयटीआयचा रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा ट्रेड घ्यावा. आम्ही त्याला एमआरएसी म्हणायचो, दोन वर्षांचा आहे. दोन्हीकडचे अर्ज साधारण एकाच हंगामात निघतात, तेव्हा दोन्ही भरून ठेवा. आयटीआय झाल्यावर एखाद्या कारखान्यात किंवा रेल्वेत वर्षभर अॅप्रेंटिसशिप केली तर मामांच्या दुकानात कधी न दिसणारी यंत्रं त्याला हाताळायला मिळतील. आयटीआयवरूनही पुढे डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, त्यामुळे ही वाट खालच्या दर्जाची समजू नका. बाबांना 'आयटीआय' ऐकून वाईट वाटेल. त्यांना मिहानमधला दसॉ या फ्रेंच विमान कंपनीचा कारखाना दाखवा, तिथे फाल्कन विमानांचे भाग जुळवले जातात, आणि ते जुळवणारे सगळे काही बी.ई. नसतात.

एक अडचण मात्र आहे. डिप्लोमाची उन्हाळी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत येते, म्हणजे नेमक्या सीझनमध्ये. दोन वर्षं त्याचे मार्च-एप्रिल बुडतील, मेचा काही भागही. रविवार, सुट्ट्या आणि परीक्षेनंतरचा काळ मामांकडे काम केलं तरी वर्षाला साठ-सत्तर हजारांचा खड्डा पडेल असा माझा अंदाज आहे. हे त्याला आधीच सांगा, नंतर कळलं तर तो पहिल्याच मार्चमध्ये कॉलेज सोडेल. मामांशीही बोलून ठेवा. त्यांनीच 'पेपर सोडून दुकानात दिसलास तर याद राख' म्हटलं तर ते तुमच्या दहा भाषणांपेक्षा जास्त लागू पडेल.

त्याने यातलं काहीच मानलं नाही, सरळ दुकानच धरलं तर? तर धरू द्या, पण यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात किंवा इग्नूत नाव घालून बी.ए. किंवा बी.कॉम. करून घ्या. नागपुरात दोघांचीही केंद्रं आहेत. एसी दुरुस्तीत त्या पदवीचा उपयोग शून्य. पण तिशीच्या आत विचार बदलला आणि पदवी मागणारी एखादी परीक्षा द्यावीशी वाटली तर ही पदवी चालते.

आता तुमचं. वाया गेलं का? नाही. तुम्हाला महाग पडलं, एवढं खरं. २०२४ पासून राज्यात ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तुम्ही थोड्या आधी जन्मलात. पण २४,००० चा दोष मी पदवीला देणार नाही. इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर चार वर्षं एकाच जागी सपोर्टचे फोन घेत असेल तर तिची पदवी कामालाच लागलेली नाही. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांत मशीन पीएलसीवर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या औद्योगिक संगणकावर, चालतात. पीएलसीचा काही महिन्यांचा कोर्स आणि तुमची शाखा यांचं जुळतं. पुण्याला जायची तयारी असेल तर आणखी मोकळं मैदान आहे. बँकेच्या आणि राज्यसेवेच्या परीक्षांना तुम्ही आज बसू शकता, भाऊ बसू शकत नाही. हप्त्याच्या भीतीने तुम्ही जागेवरून हलत नाही आहात असं मला पत्रावरून वाटलं. चुकत असेन तर कळवा. आणि हो, मघाशी मी पीसीबीचं म्हटलं, ते सर्किट तुम्हाला वाचता येतं. एखाद्या रविवारी मामांच्या दुकानात जाऊन कोपऱ्यात पडलेली दोन-चार जळकी कार्डं उघडून पाहा. जमलं तर वरची कमाई होईल, आणि भाऊ 'ताई एवढी शिकून' हे वाक्य जरा जपून वापरेल.

शेवटी मामांकडे एक मागणी करा. भाच्याचे पैसे हातात न देता दर महिन्याला त्याच्या बँक खात्यात टाका म्हणावं. आज तो ३०,००० कमावतो याचा पुरावा कुठेच नाही. दोन-तीन वर्षांच्या नोंदी असल्या, सोबत डिप्लोमा किंवा आयटीआयचं प्रमाणपत्र असलं, तर स्वतःचा व्हॅक्यूम पंप, गेज आणि ब्रेझिंगचा (पाइप जोडण्याचा) सेट घेऊन दुकान टाकायला तो मुद्रा कर्जासाठी बँकेत उभा राहू शकतो. शिशु गटात ५०,००० पर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत. आणि ते कर्ज त्याच्या नावावर असेल, बाबांच्या नाही.